शेवटची कधी उघडली होती?

मँचेस्टर विद्यापीठात फेरांटी कंपनीच्या साथीने बांधलेला 'ॲटलस' हा संगणक डिसेंबर १९६२मध्ये रीतसर सुरू झाला. जगातल्या सर्वांत ताकदवान यंत्रांत त्याची गणना होई, पण त्याची वेगवान स्मृती होती अवघ्या १६,३८४ शब्दांची. तिच्या मागे फिरते चुंबकी ड्रम होते आणि त्यांत सहापट, म्हणजे ९८,३०४ शब्द मावत. अडचण एवढीच, की ड्रमवरचे काही हवे असेल तर तो फिरून योग्य जागी येईपर्यंत यंत्राला ताटकळावे लागे. कोणता भाग कधी आत आणायचा आणि कधी बाहेर ठेवायचा, याचे गणित तोवर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच मांडायचे असे. त्यात त्याचा निम्मा जीव जाई.

टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गणित यंत्राकडे सोपवले. स्मृतीचे ५१२ शब्दांचे तुकडे पाडले आणि प्रत्येकाला 'पान' म्हटले. पानाला हात लागला की एक खूण उमटे. दर १,०२४ आज्ञांनंतर यंत्र सगळ्या खुणा वाची, पुसे आणि प्रत्येक पानामागे दोन आकडे ठेवी: हे पान किती वेळ पडून आहे, आणि मागच्या खेपेला किती वेळ पडून होते. मागच्यापेक्षा जास्त वेळ पडून असेल, तर त्याचे काम संपले असे धरून त्याची रवानगी ड्रमवर. असे एकही पान सापडले नाही, तर ज्याची गरज सर्वांत उशिरा लागेल असा अंदाज येई, ते पान बाहेर. हा सगळा तपशील त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात आहे. वापराची नोंद ठेवून साठवणुकीचा निर्णय घेणारे हे पहिल्या धोरणांपैकी एक. यानंतरची साठ वर्षे याच कल्पनेच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांची आहेत.

कल्पनेची मर्यादाही लगेच कळली. आयबीएममधल्या लास्लो बेलाडी यांनी १९६६मध्ये सर्वोत्तम नियम कोणता ते सांगितले: जे पान भविष्यात सर्वांत उशिरा लागणार आहे ते बाहेर काढा. नियम बिनचूक आहे. फक्त तो पाळायला भविष्य ठाऊक असावे लागते. ते कुणालाच ठाऊक नसल्यामुळे सगळ्यांनी भूतकाळ वापरला. बरेच दिवस हात लागला नाही, म्हणजे आता लागणार नाही. हा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो आणि चुकतो तेव्हा नेमका महागात पडतो. पुढच्या इतिहासातल्या बहुतेक भानगडी या एका वाक्यात बसतात.

ॲटलसमध्ये प्रश्न सेकंदांचा होता. फाइलींच्या बाबतीत तो आठवड्यांचा आणि वर्षांचा झाला. आयबीएमने १९५६मध्ये सॅन होजेच्या प्रयोगशाळेतून पहिली डिस्क बाजारात आणली. तिच्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या आसपास आणि क्षमता पन्नास लाख अक्षरांची. हवी ती नोंद क्षणात मिळू लागली, पण ही जागा भलतीच महाग होती. चुंबकी टेप तिच्यापेक्षा कितीतरी स्वस्त. मग सत्तरच्या दशकातल्या प्रत्येक मोठ्या संगणक केंद्राची घडी घरासारखी बसली: रोजचे हाताशी, म्हणजे डिस्कवर, आणि बाकीचे माळ्यावर, म्हणजे टेपच्या मांडण्यांवर. फरक इतकाच की इथे माळ्यावरून वस्तू काढायला पगारी माणूस होता. पडद्यावर टेपचा क्रमांक येई, ऑपरेटर उठे, मांडणीतून रीळ काढे, यंत्रावर चढवी.

आयबीएमने १९७४मध्ये जाहीर केलेल्या ३८५० या यंत्राने त्या माणसाची जागा घेतली. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनी कप्प्यांत मुठीएवढ्या नळकांड्या, प्रत्येकीत पाच कोटी अक्षरे मावतील एवढी टेप, आणि त्या काढणारे-ठेवणारे यांत्रिक हात. सर्वांत मोठ्या रचनेत ४७२ अब्ज अक्षरे बसत. हात मिळाले, तरी टेपवर काय पाठवायचे हे कोण ठरवणार, हा प्रश्न होताच.

उत्तर शोधायला आधी फाइली कशा वापरल्या जातात ते मोजावे लागले. एडवर्ड स्ट्रिटर यांनी स्टॅनफर्डमध्ये १९७७ साली याच विषयावर प्रबंध लिहिला. (हेच स्ट्रिटर पुढे मोटोरोलाच्या ६८००० या गाजलेल्या चिपचे मुख्य रचनाकार झाले.) बर्कलीच्या ॲलन जे स्मिथ यांनी स्टॅनफर्डच्या कण-त्वरक केंद्रातल्या फाइलींच्या नोंदी तपासून १९८१मध्ये दोन निबंध प्रसिद्ध केले. त्यांचा निष्कर्ष कामाचा होता: फाइल किती दिवस पडून आहे एवढेच पाहू नका, ती किती मोठी आहे तेही पाहा. दोहोंचा गुणाकार करा, त्यात दिवसांना जरा जास्त वजन द्या, आणि ज्या फाइलींचा आकडा मोठा येईल त्या आधी हलवा. म्हणजे महिनाभर न उघडलेली भलीमोठी फाइल आधी जाईल. वर्षभर न उघडलेली चिमुकली फाइल हलवून जागा सुटत नाही आणि परत आणायचा त्रास तेवढाच, म्हणून ती राहील.

तोवर आयबीएमने धोरण विकायलाही काढले होते. १९७८मध्ये मेनफ्रेमसाठी 'हायरार्किकल स्टोरेज मॅनेजर' आला. एचएसएम या आद्याक्षरांनी तो सगळ्या जगाला माहीत झाला. ठरावीक दिवस न वापरलेला डेटासेट तो आधी दाबून दुसऱ्या डिस्कवर ठेवी आणि आणखी काही दिवसांनी टेपवर टाकी. सूचीत मात्र नाव तसेच राही. डेटासेट कोणत्या डिस्कवर आहे हे सांगणाऱ्या रकान्यात डिस्कच्या नावाऐवजी 'मायग्रॅट' एवढा शब्द दिसे. तो डेटासेट उघडला की पडदा थबके, मागे टेप शोधली जाई, डेटासेट डिस्कवर परत येई आणि काम पुढे चालू होई. याला 'रिकॉल' म्हणत. नव्वदच्या दशकात वायटूकेच्या कामासाठी मुंबई-पुण्याहून मेनफ्रेमवर जाऊन बसलेल्यांना हा 'मायग्रॅट' चांगलाच ओळखीचा असेल. वर्षानुवर्षे कुणी न उघडलेले कोबॉल प्रोग्रॅम उघडणे हेच तर त्यांचे काम होते.

माझ्या मते एचएसएमचे खरे यश डिस्क वाचवण्यात नव्हते. फाइल कुठे आहे हे माणसाला माहीत असण्याची गरज त्याने संपवली. नाव एकीकडे, जागा दुसरीकडे, आणि मधली सूची दोघांची गाठ घालून देणारी. ही सूची एका यंत्रात, एकाच मालकाच्या ताब्यात होती म्हणूनच हे जमले. पुढे नेमके हेच उरले नाही.

त्याआधी एक मोजमाप सांगायला हवे. कोलोराडोतल्या बोल्डर इथे अमेरिकेचे वातावरण-संशोधन केंद्र आहे. तिथल्या क्रे महासंगणकाच्या डिस्कवर सगळे मावत नसे, त्यामुळे फाइलींची टेपकडे सतत ये-जा चाले. इथन मिलर आणि रँडी कॅट्झ यांनी दोन वर्षांच्या नोंदी तपासून १९९३मध्ये निबंध मांडला. टेपकडे जाणारे लेखन दिवसरात्र जवळपास सारखे होते, आणि वाचनाला मात्र दिवसाची व आठवड्याची लय होती. कारण साधे आहे. लिहिते यंत्र आणि वाचतो माणूस. आणि माणूस रात्री झोपतो, रविवारी घरी असतो. वापरावर आधारलेले कुठलेही धोरण शेवटी माणसाच्या सवयींचे धोरण असते, हे या आलेखांत स्पष्ट दिसते.

आता पुन्हा सूचीकडे. सन कंपनीने १९८४मध्ये एनएफएस आणले आणि दुसऱ्या संगणकावरची फाइल आपल्याच डिस्कवर असल्यासारखी उघडता येऊ लागली. १९९२मध्ये स्थापन झालेल्या नेटवर्क अप्लायन्ससारख्या कंपन्यांनी फक्त फाइली सांभाळणारी यंत्रे विकायला सुरुवात केली. ती घेणे सोपे, बसवणे सोपे; जागा संपली की आणखी एक घ्या. दशकभरात मोठ्या कंपन्यांत अशी डझनावारी यंत्रे झाली. प्रत्येकाची स्वतःची सूची, आणि फाइलीच्या पत्त्यात सर्व्हरचे नाव कायमचे कोरलेले. एकावरची फाइल दुसऱ्यावर नेली की पत्ता बदले. हिशेब विभागाचा एच ड्राइव्ह रिकामा दिसे, एक्सेलमधले दुवे तुटत आणि सोमवारी सकाळी आयटीचा फोन खणखणू लागे. म्हणून फाइली हलवायचे काम शनिवारी रात्री, सगळ्यांना आधी मेल पाठवून, जीव मुठीत धरून होई. एक यंत्र काठोकाठ भरलेले आणि शेजारचे निम्मे रिकामे, हे दृश्य सर्रास दिसे.

यावरचा उपाय विद्यापीठात आधीच सापडला होता, हे विशेष. कार्नेगी मेलन विद्यापीठाने आयबीएमच्या मदतीने ऐंशीच्या दशकात 'अँड्र्यू' फाइल प्रणाली बांधली. तिच्यात पत्त्यात सर्व्हरचे नावच नसे. कोणता भाग कोणत्या सर्व्हरवर आहे ते वेगळ्या नोंदवहीतून कळे, आणि लोक काम करत असताना तो भाग दुसरीकडे नेता येई. पण बाजाराने एनएफएस आणि विंडोजचा रस्ता धरला. नोंदवही मागे राहिली.

नव्या शतकाच्या सुरुवातीला दोन गोष्टी एकत्र आल्या. २००१च्या अखेरीस अमेरिकेतली एन्रॉन ही कंपनी बुडाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत सार्बेन्स-ऑक्सली कायदा झाला आणि तपासात अडथळा आणण्यासाठी कागदपत्रे नष्ट करणाऱ्याला वीस वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली. फाइल पुसायला कुणी धजावेना. त्याच सुमारास घरगुती संगणकातल्या स्वस्त डिस्क मोठ्या साठवण-यंत्रांत बसू लागल्या. म्हणजे पुसायचे नाही आणि ठेवायला स्वस्त जागा उपलब्ध. विक्रेत्यांनी यातून 'माहितीच्या जीवनचक्राचे व्यवस्थापन' असे भारदस्त नाव काढले. अर्थ जुनाच: नवे ते महागड्या डिस्कवर, जुने ते स्वस्त डिस्कवर, त्याहून जुने टेपवर. अडले होते ते पत्त्यापाशी.

दोन वाटा निघाल्या. पहिलीत फाइल हलवून मूळ जागी एक पोकळ खूण ठेवायची. कुणी ती उघडली की खरी फाइल मागून आणायची. विंडोज २०००मध्ये अशी सोय होती आणि गेलेल्या फाइलीवर छोटे घड्याळ दिसे. ही वाट स्वस्त होती, पण तिला एक खोड होती. रात्री अँटिव्हायरस सगळ्या फाइली तपासायला निघे, एकेक खूण उघडे, आणि वर्षभर काटकसरीने दूर पाठवलेल्या फाइली एका रात्रीत परत येऊन डिस्क तुडुंब भरे. धोरणाला वाटे, या फाइलींची एकाएकी मागणी वाढली. माणूस आणि यंत्र यांच्या हातात फरक करायला कुणी शिकवलेच नव्हते. मिलर-कॅट्झ यांचे आलेख पुन्हा आठवावेत असा हा प्रसंग.

दुसरी वाट धाडसाची. लोकांचे संगणक आणि फाइल सर्व्हर यांच्या मध्ये एक पेटी बसवायची. लोकांना दिसणारे सगळे पत्ते पेटीचे. खरी फाइल कुठल्या सर्व्हरवर आहे ते पेटीलाच ठाऊक. मग नियम लिहा: नव्वद दिवसांत न बदललेल्या फाइली स्वस्त सर्व्हरवर, अमुक विभागाच्या तमुक ठिकाणी. दुपारी बारा वाजता हलवा, कुणाला पत्ता लागत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या लोवेल गावातली अकोपिया, कॅलटेकमधून निघालेली रेनफिनिटी, निओपाथ, न्यूव्ह्यू अशा लहान कंपन्या या खटपटीत होत्या. रेनफिनिटीने पेटी कायम मध्ये न बसवता फाइली हलवण्यापुरतीच आणायची, अशी तडजोड काढली. मोठ्यांनी मग एकेक उचलली: ईएमसीने २००५मध्ये रेनफिनिटी, ब्रोकेडने २००६मध्ये न्यूव्ह्यू, सिस्कोने २००७मध्ये निओपाथ, आणि त्याच वर्षी एफ-फाइव्हने २१ कोटी डॉलर मोजून अकोपिया.

वर्ष-दोन वर्षे हीच पुढची दिशा असे वाटत होते. ती तशी ठरली नाही. कंपनीतली प्रत्येक फाइल एका पेटीतून जाणार म्हटल्यावर ती पेटी बिघडली तर काय, या प्रश्नाने खरेदी करणाऱ्याची झोप उडाली. दुसरीकडे फाइल-यंत्रे बनवणाऱ्यांनी अनेक यंत्रे जोडून एकच मोठे यंत्र भासवणारी रचना आणली. तिथे मधल्या पेटीला कामच उरले नाही. आणि डिस्क स्वस्त होतच राहिल्या. कल्पना चुकीची नव्हती. तिला दुसऱ्याच्या सर्व्हरवर उपरी म्हणून राहावे लागले, आणि तिथे तिचा निभाव लागला नाही.

याच २००७ सालात एक वेगळाच वाद पेटला. युनिक्सच्या परंपरेत प्रत्येक फाइलीच्या पाठीवर ती शेवटची कधी वाचली याची वेळ नोंदवलेली असते. वापरावर आधारलेल्या सगळ्या धोरणांचा पाया ती वेळ. पण ती नोंदवायची तर प्रत्येक वाचनामागे डिस्कवर एक लेखन आले. लिनक्सच्या विकसकांनी हिशेब केला आणि इंगो मोल्नार यांनी या प्रथेवर अत्यंत कडक शब्दांत टीका केली. २००९पासून लिनक्सने तडजोड नेहमीची केली: वाचनाची वेळ दर वेळी न लिहिता, आधीची नोंद दिवसाहून जुनी असेल किंवा त्यानंतर फाइल बदलली असेल तरच लिहायची. मायक्रोसॉफ्टने तर विंडोज व्हिस्टापासून ही नोंद मुळातूनच बंद ठेवली. विक्रेते वापरावर चालणारी धोरणे विकत होते आणि संगणक वापराची नोंद ठेवणेच सोडत होते. अनेक ठिकाणी 'न वापरलेल्या' म्हणून हलवलेल्या फाइली प्रत्यक्षात 'न बदललेल्या' होत्या. रोज वाचला जाणारा पण कधीच न बदलणारा दरपत्रकाचा कागद अशा नियमात पहिला बळी जातो.

वापर खरोखर मोजला तर काय होते, हे जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये दिसले. तिथल्या महात्वरकाचा डेटा एका जागी मावणार नाही हे आधीच ओळखून जगभरातल्या केंद्रांची उतरंड आखली होती: मूळ केंद्र सर्नला, त्याखाली मोठी केंद्रे, त्याखाली विद्यापीठे आणि संस्था. मुंबईच्या कुलाब्यातली टाटा मूलभूत संशोधन संस्था यात सीएमएस प्रयोगासाठी विद्यापीठे-संस्थांच्या पायरीवरचे केंद्र चालवते. कोलकात्याचे केंद्र ॲलिस प्रयोगासाठी. मूळ बेत असा, की कुणाला काय लागेल ते आधी ठरवून प्रती वाटून ठेवायच्या. मार्च २०१०मध्ये मोठ्या ऊर्जेचे प्रयोग सुरू झाले आणि काही महिन्यांतच ॲटलस प्रयोगाच्या लक्षात आले, की वाटलेल्या प्रतींपैकी पुष्कळ कुणी उघडतच नाही. (मँचेस्टरच्या यंत्राशी नाव जुळते हा निव्वळ योगायोग.) त्यांनी क्रम उलटा केला. आधी मागणी येऊ द्यायची, मग प्रत पाठवायची. सीएमएसनेही कोणता डेटासेट किती जण, किती वेळा वापरतात याची 'लोकप्रियता' मोजायला सुरुवात केली आणि जिथे जागा कमी तिथे अलोकप्रिय प्रती आपोआप हटवल्या. हे शक्य झाले कारण हटवलेली ती फक्त प्रत होती. मूळ डेटा टेपवर शाबूत होता. फेब्रुवारी २०१३मध्ये सर्नच्या केंद्रातला साठा १०० पेटाबाइटच्या पुढे गेला, आणि त्यातला बहुतांश टेपवरच होता.

बाकीच्या जगाची वाट क्लाउडने ठरवली. ॲमेझॉनने २००६मध्ये एस-थ्री सुरू केले, २०१२मध्ये 'ग्लेशियर' आणले: एक गिगाबाइट महिन्याला एक सेंट, पण परत हवे तर तीन ते पाच तास थांबा. १९७८च्या 'रिकॉल'मध्ये माणूस पडद्यापुढे थबकत असे. आता त्या थबकण्याचा दरच छापलेला होता. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनने आणलेल्या सेवेत तीस दिवस हात न लागलेली वस्तू आपोआप स्वस्त थरात जाते आणि कुणी उघडली की वर येते. १२८ किलोबाइट किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक वस्तूमागे या देखरेखीचे वेगळे पैसे लागतात आणि त्याहून लहान वस्तू मुळीच हलवल्या जात नाहीत. स्मिथ यांच्या १९८१च्या गुणाकारात आकार का होता, त्याचे उत्तर या अटीत आहे.

या सगळ्यातून नियमाची भाषा बदलली, थर वाढले, पण 'शेवटची कधी उघडली' हीच विचारणा कायम राहिली. तिचे उत्तर देणारी नोंद मात्र अनेक यंत्रांवर आजही बंद किंवा अर्धवट असते. ज्यांच्या कार्यालयात फाइल सर्व्हर आहे आणि जुन्या फाइली आपोआप हलवण्याचा नियम लावायचा विचार चालू आहे, त्यांनी आधी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात: आपला सर्व्हर वाचनाची वेळ खरोखर लिहितो का, आणि रात्रीचा बॅकअप किंवा अँटिव्हायरस ती बदलून तर टाकत नाही ना.